चार तासांचा साठा

१ फेब्रुवारी १९९७, शनिवारची पहाट. जपानमधल्या कारिया गावी ऐसिन सेइकी या कंपनीच्या कारखान्याला आग लागली आणि ब्रेकचा एक व्हॉल्व्ह बनवणारी जवळजवळ सगळी यंत्रं त्यात जळाली. व्हॉल्व्ह मुठीत मावेल एवढा, किमतीनं किरकोळ. पण टोयोटाला लागणारे जवळपास सगळे व्हॉल्व्ह याच कारखान्यातून येत, आणि टोयोटाकडे त्यांचा साठा होता अवघा चार तासांचा. मंगळवारपर्यंत टोयोटाचे जपानमधले बहुतेक कारखाने थंडावले.

एवढ्या मोठ्या कंपनीनं महिनाभराचा साठा का ठेवला नाही, हा प्रश्न रास्त आहे. त्याचं उत्तर १९४९-५० सालात सापडतं. युद्धातून होरपळून निघालेल्या जपानमध्ये गाड्या तयार होत होत्या, पण गिऱ्हाईक नव्हतं. माल पडून राहिला, पैसा अडकला आणि टोयोटा बुडण्याच्या बेतात आली. कामगारकपात झाली, मोठा संप झाला आणि कंपनीचे संस्थापक किइचिरो तोयोदा यांना १९५० मध्ये अध्यक्षपद सोडावं लागलं. न विकलेला माल काय करू शकतो, हे तिथल्या माणसांनी स्वतः भोगलं होतं.

यंत्रशाळेचे प्रमुख ताइइची ओनो यांनी त्यानंतर कामाची दिशाच उलटी केली. अमेरिकेतल्या सुपरमार्केटची पद्धत त्यांच्या मनात भरली होती: गिऱ्हाईक हवं तेवढं उचलतं आणि जेवढं उचललं गेलं तेवढंच फळीवर पुन्हा भरलं जातं. कारखान्यात पुढच्या विभागाला गिऱ्हाईक मानायचं, असं त्यांनी ठरवलं. पुढच्यानं सुटे भाग नेले की त्या पेटीवरचं कार्ड, म्हणजे कानबान, मागे येतं. कोणता भाग, किती नग आणि कुठे पोचवायचा, हे त्यावर लिहिलेलं असतं. कार्ड आलं तरच काम करायचं. आलं नाही तर यंत्र रिकामं राहिलं तरी चालेल. यंत्र सतत चाललं पाहिजे असं मानणाऱ्या माणसाला हे पचणं कठीण होतं. ओनोंच्या मते मात्र गरजेपेक्षा जास्त उत्पादन हीच सर्वांत वाईट नासाडी, कारण तिच्याआड बाकीचे दोष झाकले जातात. भरपूर साठा असला की बिघडलेलं यंत्र दोन दिवस तसंच पडून राहतं आणि खराब निघालेला लॉट कुणाच्या डोळ्यांत येत नाही.

पण लॉट लहान करायचे तर प्रेसच्या डाय, म्हणजे साचे, वारंवार बदलावे लागतात. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या काळात टोयोटात या बदलाला दोन-तीन तास लागत. एवढा वेळ घालवल्यावर एकदम हजारो नग काढून ठेवावेत, असं कुणालाही वाटणारच. मग प्रेस चालू असतानाच पुढची डाय जवळ आणून ठेवणं, उंची आधीच जुळवणं, बोल्ट कमी करणं, अशा शेकडो बारीक सुधारणा झाल्या आणि १९७१ पर्यंत हे काम तीन मिनिटांवर आलं. म्हणूनच साठा कमी होऊ शकला; ही पहिली अट. आपल्याकडे नेमका क्रम चुकतो: आधी गोडाऊन रिकामं करण्याचा हुकूम निघतो आणि डाय बदलण्याचा वेळ तसाच राहतो.

दुसरी अट मागणी सपाट ठेवण्याची. महिन्याचे पहिले पंधरा दिवस एक मॉडेल आणि नंतर दुसरं, असं न करता टोयोटा रोज थोडी थोडी सगळी मॉडेलं काढते. त्यामुळे मागच्या पुरवठादाराला रोज साधारण तेवढंच काम मिळतं. हे केलं नाही तर काय होतं, ते प्रॉक्टर अँड गॅम्बल कंपनीला डायपरच्या व्यवसायात दिसलं. बाळांची गरज तर रोज सारखीच, तरीही दुकानदाराकडून वितरकाकडे, वितरकाकडून कंपनीकडे आणि कंपनीकडून कच्च्या मालाच्या पुरवठादाराकडे जाताना ऑर्डरींमधले चढउतार वाढत गेले. प्रत्येकानं आपल्यापुरता थोडा अंदाज आणि थोडी भीती त्यात मिसळली होती. गिऱ्हाईकाची खरी विक्री साखळीतल्या शेवटच्या माणसापर्यंत पोचवणं हाच त्यावरचा इलाज.

आगीनंतर कारियात जे घडलं, ते मला या सगळ्याहून महत्त्वाचं वाटतं. ऐसिननं व्हॉल्व्हचे नकाशे खुले केले. दोनशेच्या आसपास कंपन्या कामाला लागल्या. त्यांत शिलाई यंत्रं बनवणारी ब्रदरही होती, जिनं मोटारीचा भाग कधी बनवला नव्हता. करारमदार, भाव, पेटंट यांची चर्चा कुणी आधी केली नाही. आठवडाभरात बहुतेक कारखाने फिरू लागले. पुढे टोयोटानं पहिल्या फळीतल्या पुरवठादारांना त्या तिमाहीत कंपनीला केलेल्या विक्रीच्या एक टक्का रक्कम आपणहून दिली. चार तासांच्या साठ्यामागे वर्षानुवर्षांचा हा व्यवहार उभा होता.

तरी ही पद्धत सगळीकडे जशीच्या तशी चालत नाही. २०११ च्या भूकंपानंतर टोयोटानं चिपसारख्या, लवकर न मिळणाऱ्या भागांचा काही महिन्यांचा साठा पुरवठादारांकडे ठेवायला सुरुवात केली. त्यामुळे नंतरच्या जागतिक चिपटंचाईत ती इतरांपेक्षा जास्त काळ तग धरू शकली; सप्टेंबर २०२१ मध्ये मात्र तिलाही उत्पादन कापावं लागलं. कोणता भाग रोज मागवायचा आणि कोणता राखून ठेवायचा, हे तारतम्य याच पद्धतीचा भाग आहे.

भोसरी, चाकण किंवा वाळूजच्या लघुउद्योजकाला या पद्धतीबद्दल, म्हणजे 'जस्ट इन टाइम'बद्दल, विचारलं तर तो अनेकदा वेगळंच चित्र सांगेल. मोठ्या कारखान्याचं गोडाऊन रिकामं झालं, पण तोच माल आता व्हेंडरनं भाड्यानं घेतलेल्या जागेत, व्हेंडरच्या खेळत्या भांडवलावर पडून असतो. शेड्यूल आठवड्यात दोनदा बदलतं, महिनाअखेरीस धावपळ उडते आणि बिल मात्र महिनोन्‌महिने निघत नाही. याला काटकसर म्हणता येणार नाही; ओझं एका खांद्यावरून दुसऱ्या, अधिक दुबळ्या खांद्यावर गेलं एवढंच. २००६ च्या एमएसएमई कायद्यानं सूक्ष्म आणि लघुउद्योगांचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत देणं बंधनकारक केलं आहे. आर्थिक वर्ष २०२३-२४ पासून तर या मुदतीत न दिलेली रक्कम, ती प्रत्यक्ष देईपर्यंत, आयकरात खर्च म्हणून वजा करता येत नाही.

कारखान्यात ही पद्धत आणू पाहणाऱ्या प्रत्येक खरेदीप्रमुखाला म्हणूनच माझी कळकळीची विनंती आहे. पुढच्या काही आठवड्यांचं शेड्यूल पक्कं करा आणि ते मोडू नका, डाय बदलण्याचा वेळ कमी करायला आपला माणूस व्हेंडरच्या शेडवर पाठवा, बिलं वेळेवर चुकती करा. लहान लॉटची मागणी त्यानंतर करा.