पाळण्यातले पाय, बर्फावरचे पाय

मुलाचे पाय पाळण्यात दिसतात, असे आपण सहज म्हणून जातो. आइस हॉकीतल्या पारख्यांना मात्र ही म्हण खरी करून दाखवण्याचाच पगार मिळतो! अमेरिका आणि कॅनडा मिळून चालणारी नॅशनल हॉकी लीग, म्हणजेच एनएचएल, ही बर्फावरच्या हॉकीतली सर्वांत मोठी व्यावसायिक स्पर्धा. तिथे १९६३ पासून दरवर्षी ‘ड्राफ्ट’ होतो. संघ पाळीपाळीने जगभरातले कोवळे खेळाडू निवडतात; दुबळ्या संघांना साधारणपणे आधी पाळी. आज ३२ संघ आणि सात फेऱ्या, म्हणजे सव्वादोनशेच्या आसपास मुले. बहुतेकांचे वय अठरा. हा मुलगा आज कसा खेळतो, हे कुणालाही दिसते. चोविसाव्या वर्षी तो कसा खेळेल, हे ताडायचे असते.

१९९३ साली ओटावाच्या संघाने अलेक्झांद्र देगला सर्वांत आधी उचलले. त्या मोसमात कुमारांच्या लीगमध्ये त्याने ५३ सामन्यांत १३७ गुण मिळवले होते. (स्वतः गोल केला किंवा गोलसाठी पास दिला, की एक गुण.) एकही मोठा सामना खेळण्याआधी त्याच्याशी पाच वर्षांचा, सव्वा कोटी डॉलरच्या घरातला करार झाला. पुढे देगचा खेळ बेताचाच राहिला. दुसऱ्या क्रमांकावर निवडला गेलेला ख्रिस प्राँगर मात्र २००० साली लीगचा सर्वांत मोलाचा खेळाडू ठरला.

आकडे असे चकवतात. कुमारांच्या लीगमध्ये समोर मुलेच असतात. त्याच वयाचा एखादा स्वीडिश मुलगा थोराड पुरुषांबरोबर खेळतो, त्याला बर्फावर मोजकीच मिनिटे मिळतात आणि गुणही थोडे दिसतात. त्याचे दहा गुण इकडच्या पन्नासांना भारी असू शकतात. म्हणून हल्ली प्रत्येक लीगच्या गुणांचे मोल वेगळे धरतात.

याहून मोठा चकवा जन्मतारखेचा. कॅनडात मुलांचे वयोगट १ जानेवारीपासून मोजतात. जानेवारीत जन्मलेला आणि डिसेंबरात जन्मलेला एकाच गटात. नऊ-दहाव्या वर्षी अकरा महिन्यांचे अंतर म्हणजे केवढे! थोरला अंगाने भरलेला, म्हणून चांगल्या संघात जातो. तिथे चांगला प्रशिक्षक, जास्त सराव. धाकटा मागे पडतो आणि पुष्कळदा खेळच सोडतो. गुणवत्ता समजून आपण वाढदिवसच निवडत असतो. रॉजर बार्न्सली या मानसशास्त्रज्ञाने १९८० च्या दशकात हे दाखवून दिले. पुढे २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात आढळले, की वर्षाच्या शेवटी जन्मलेले खेळाडू ड्राफ्टमधल्या आपल्या क्रमांकाच्या मानाने सरस निघतात. म्हणजे शहाण्या पारख्यांनाही हा मोह सुटलेला नव्हता.

शरीर मोजण्याचेही तसेच. २०१४ च्या ड्राफ्टआधी झालेल्या शारीरिक चाचणीत सॅम बेनेटला एकही पुल-अप जमला नाही. त्याची बरीच चर्चा झाली. तरी कॅलगरीने त्याला चौथ्या क्रमांकावर घेतले. २०२५ मध्ये फ्लोरिडाने स्टॅनले कप जिंकला, तेव्हा बाद फेरीतला सर्वोत्तम खेळाडू होता हाच बेनेट.

मग पाहायचे काय? स्केटिंग तर हवेच. पण मुरलेला पारखी पक, म्हणजे ती रबरी चकती, कुठे आहे याकडे फारसे पाहत नाही. पास येण्याआधी मुलगा मान वळवून मागे कोण आहे ते पाहतो का? चकती हिरावली गेली तर हात वर करून पंचांकडे बघतो, की लगेच पाठलाग करतो? बर्फावरची पाळी पाऊण मिनिटाची. तिच्या शेवटी, दम लागलेला असताना, तो काय ठरवतो? हे एका सामन्यात कळत नाही. परक्या गावच्या थंडगार रिंकवर पुन्हा पुन्हा जाऊन बसावे लागते.

डेट्रॉइटचे स्वीडनमधले पारखी होकान आंदेरसन असेच बसत. त्यांच्या शिफारशीवरून संघाने १९९८ मध्ये पावेल दात्स्यूकला १७१ व्या आणि १९९९ मध्ये हेन्रिक झेटरबर्गला २१० व्या क्रमांकावर घेतले. दात्स्यूकला आधीच्या ड्राफ्टमध्ये कुणी विचारलेही नव्हते. २००८ मध्ये डेट्रॉइटने स्टॅनले कप जिंकला, तेव्हा दोघेही संघात होते. बाद फेरीतला सर्वोत्तम खेळाडू ठरला झेटरबर्ग; नऊ वर्षांपूर्वी त्याच्याआधी २०९ नावे पुकारली गेली होती.