चौकट : तात्या विंचू – दोन चित्रपट, एक बाहुला

महेश कोठारे यांचा ‘झपाटलेला’ 1993 साली आला, तर ‘झपाटलेला 2’ 2013 साली, थ्रीडीमध्ये. दोन्हींत भीतीचं केंद्र एकच: रामदास पाध्ये यांचा बोलका बाहुला तात्या विंचू आणि त्याला दिलीप प्रभावळकरांचा आवाज. तरीही पहिला भाग अधिक झपाटतो, आणि त्याचं कारण बाहुल्याच्या मर्यादेत आहे. मान वळते, जबडा हलतो, डोळे फिरतात. हालचाली मोजक्याच असल्यामुळे प्रत्येकीला वजन येतं. बाहुला प्रत्यक्ष समोर असल्याने नायक लक्ष्मीकांत बेर्डे यांची नजर आणि हात खऱ्या वस्तूला भिडतात. दुसऱ्या भागात बाहुला तोच असला, तरी थ्रीडी प्रेक्षकाचं लक्ष पडद्याबाहेर झेपावणाऱ्या वस्तूंकडे नेतं. मग दचकायला होतं, पण दबा धरून बसलेली भीती विरळ होते.

यावर कुणी म्हणेल, ही बालपणीच्या आठवणींची माया आहे आणि 2004 साली गेलेल्या बेर्डे यांची उणीव तंत्राच्या माथी मारली जाते आहे. उणीव खरीच आहे, पण तीच या युक्तिवादाला बळ देते. शब्दभ्रमाच्या, म्हणजे बोलक्या बाहुल्यांच्या, खेळात बाहुला जिवंत होतो तो सोबतच्या माणसाच्या विश्वासामुळे. बेर्डे यांचा लक्ष्या स्वतः बाहुल्यांचे खेळ करणारा होता. त्याची बोबडी वळली, म्हणून त्या निर्जीव देहात आपल्याला खुनी दिसला. हातानं घडवलेली भीती पुढच्या भागात न्यायची, तर बाहुल्याइतकाच त्याच्यासमोरचा माणूसही जपावा लागतो.