सफरचंद आणि आलुबुखार : वाणांची पारख

हिमाचल प्रदेशातील कोटगडच्या डोंगरउतारांवर १९१६ च्या सुमारास सॅम्युअल स्टोक्स यांनी अमेरिकेतून आणून लावलेल्या डेलिशस सफरचंदाने त्या मुलखाचे अर्थकारण पालटून टाकले, तरी केवळ रंगाच्या तेजावरून फळाची प्रतवारी ठरविणे मला योग्य वाटत नाही. कारण तळाशी पाच उंचवटे असलेले हे देखणे, आरक्त फळ गोड खरे, परंतु आम्लतेत उणे असून त्याचा गर साठवणीत पिठूळ होतो, तर पिवळ्या गोल्डन डेलिशसमध्ये गोडी व आंबटपणा यांचा मेळ अधिक सुरेख असूनही तिची पातळ साल लवकर सुरकुतते. शिवाय डेलिशसचा मोहोर स्वतःच्या परागाने नीट फळत नाही, म्हणून दूरदर्शी बागाईतदार तिच्या रांगांमध्ये गोल्डनची झाडे मुद्दाम राखतात.

डेलिशसला सात अंशांखालील थंडीचे हजारांच्या घरातील तास लागतात. इस्रायलमध्ये निपजलेल्या ॲना या सफरचंदाच्या वाणाला तीनशेच्या आसपास पुरतात.

आलुबुखाराचा स्वभाव निराळा. ल्यूथर बरबँक यांनी कॅलिफोर्नियात सिद्ध करून १९०६ साली प्रसृत केलेला सांता रोझा हा प्रामुख्याने जपानी वंशाचा वाण थोड्या थंडीवर भागवितो, बव्हंशी स्वपरागाने फळतो, आणि सालीजवळचा आंबटपणा व आतील रसाळ गोडी यांच्या संयोगामुळे माझ्या मते चवीत सर्वांत सरस ठरतो. परंतु तो लवकर फुलत असल्यामुळे उशिरा पडणाऱ्या हिमाचे भय त्याला अधिक, आणि सफरचंद शीतगृहात महिनोन्महिने टिकत असता हे नाजूक फळ मात्र तोडणीनंतर विनाविलंब बाजारपेठेकडे रवाना करावे लागते.