डांबरातल्या मधमाश्या आणि आपला रस्ता



रामनवमीच्या यात्रेला पोहरादेवीला जाताना गाडी खड्ड्यात आदळली की आपण ठेकेदाराच्या नावाने बोटे मोडतो. काम वाईट असेल तर मोडावीतच. पण चांगल्या डांबरालाही शत्रू असतात आणि त्यांतला एक आपल्याच शेतातून रस्त्यावर जातो. तो म्हणजे पाणी. माती परीक्षणाच्या गोष्टी सांगणारा मी आज डांबराचे सांगतो आहे, ते यासाठीच.

डांबर डोळ्यांना एकजीव काळे दिसते. १९८६ साली एक नवा सूक्ष्मदर्शक निघाला. त्यात भिंगाऐवजी अतिशय बारीक टोकाची सुई पृष्ठभागावरून फिरते आणि अंधाने बोटांनी नाणे ओळखावे तसे चढउतार टिपते. १९९६ साली फ्रान्समधील संशोधकांनी या यंत्राने डांबर तपासले, तेव्हा मधमाशीच्या अंगावर असतात तसे पट्टे दिसले. त्यांना 'मधमाश्या' हेच नाव पडले. त्यांची लांबी मिलिमीटरच्या काही हजारांश भागांइतकीच! डांबरातले मेण गोठताना हे पट्टे उठतात, असे पुष्कळ शास्त्रज्ञ मानतात.

थोडक्यात, डांबर हे मिश्रण आहे. तेलकट भागात कडक, काळे कण सामावलेले असतात. तेलकटपणा आहे तोवर डांबर लवते आणि खडीला धरून राहते. ऊन व हवा लागून वर्षानुवर्षे तेलकट भाग घटतो, कडक भाग वाढतो, डांबर ठिसूळ होऊन तडकते. तड्यात पाणी शिरले की खडीवरची पकड सुटते. खाली आपली काळी माती असली तर ती ओल्याने फुगते, वाळल्यावर भेगाळते आणि रस्ता खचतो.

ऊन आपल्या हाती नाही, पाणी आहे. म्हणून एवढे करा :

१. शेतात गाडी नेण्यासाठी रस्त्याकडेची नाली बुजवू नका. खाली पाइप टाका.
२. ओलिताचे पाणी रस्त्यावर सोडू नका.
३. पाइपलाइनसाठी परवानगीशिवाय रस्ता फोडू नका.
४. ट्रॅक्टरची लोखंडी चाके डांबरावर चालवू नका. डिझेलही सांडू देऊ नका. त्याने डांबर विरघळते.

मृगापूर्वी गावाने मिळून नाल्या मोकळ्या कराव्यात. आपले सोयाबीन बाजारात याच रस्त्याने जाते, आणि अडलेल्या लेकीसुनेला दवाखान्यात नेणारी गाडीही याच रस्त्याने येते.