सेन्सरला वीज द्यायची कुठून?

माकुणसारच्या वाडीत मातीचा ओलावा मोजायचा, तर सेन्सर विकत आणणं हा सोपा भाग. त्याला वीज कुठल्या पिनेतून द्यायची आणि किती, हे न बघता जोडणी केली की रास्पबेरी पायसारखे छोटे संगणक जळतात. जळालेली मुख्य चिप घरी दुरुस्त होत नाही, म्हणून हे सावकाश समजून घेऊ.

पायच्या कडेला 40 पिना असतात. 1 आणि 17 वर 3.3 व्होल्ट, 2 आणि 4 वर 5 व्होल्ट. आठ पिना ग्राउंडच्या. उरलेल्या बहुतेक जीपीआयओ, म्हणजे संदेश देण्या-घेण्याच्या. 1 आणि 2 अगदी शेजारी आहेत. जंपर वायर एक घर सरकली की 3.3 च्या सेन्सरला 5 व्होल्ट बसतात. म्हणून जोडताना बोर्डाचा प्लग काढलेलाच हवा.

5 व्होल्टच्या पिनेवर अडॅप्टरचीच वीज येते. पाय 4 चा अडॅप्टर 3 ॲम्पियरचा असतो. बोर्ड आणि यूएसबीची उपकरणं घेतील ते वजा जाता उरेल तेवढंच आपलं. जास्त ओढलं की व्होल्टेज पडतं. ते साधारण 4.63 च्या खाली गेलं की पडद्यावर विजेची खूण दिसते. ही खूण दिसली की सेन्सरला दोष देण्याआधी अडॅप्टर आणि केबल तपासा.

जीपीआयओ पिनेतून मात्र 16 मिलिॲम्पियरच्या वर घेऊ नये, आणि अशा सगळ्या पिनांची बेरीज 50 च्या आसपास थांबवावी. 5 व्होल्टच्या छोट्या रिलेची कॉइल एकटीच 70 ते 80 मागते. ट्रान्झिस्टर असलेलं रिले मॉड्यूल घ्यायचं ते यासाठीच: पिन फक्त इशारा देते, वीज दुसरीकडून येते. दुसरीकडून वीज घेतलीत तर दोन्हींचं ग्राउंड एकत्र जोडा, नाहीतर संदेश पोचत नाही.

वीज किती हे पाहिलं, आता संदेश किती व्होल्टचा येतो ते पाहू. विहिरीतल्या पाण्याची पातळी मोजायला बरेच जण एचसी-एसआर04 हा ध्वनिलहरींचा सेन्सर घेतात. तो 5 व्होल्टवर चालतो आणि त्याच्या एको पिनेवरही 5 व्होल्टच येतात. पायच्या पिना 3.3 च्या वर सोसत नाहीत. उपाय दोन रेझिस्टरचा: एको आणि जीपीआयओच्या मधे 1 किलोओहम, जीपीआयओ आणि ग्राउंडच्या मधे 2 किलोओहम. तीन भागांपैकी दोन भाग पिनेवर येतात, म्हणजे 5 चे 3.33. काही रुपयांत बोर्ड वाचतो.

ओलाव्याच्या सेन्सरची गोष्ट निराळी. दोन उघड्या पट्ट्यांचा स्वस्त सेन्सर मातीतून वीज किती वाहते ते मोजतो. खाडीलगतच्या खारट जमिनीत मिठामुळे वीज सहज वाहते आणि कोरडी मातीही ओली दिसते. शिवाय सतत वीज चालू राहिली तर पट्ट्या गंजून झिजतात. माझ्या मते इथे कपॅसिटिव्ह सेन्सरच घ्यावा. त्याच्यावरही मिठाचा परिणाम होतो, पण कमी. म्हणून आपल्याच वाडीतली सुकी आणि भिजलेली माती घेऊन आकडे आधी जुळवून घ्यावेत. तो 3.3 व्होल्टवर, सुमारे 5 मिलिॲम्पियरमध्ये चालतो, त्यामुळे त्याला थेट जीपीआयओ पिनेवरून वीज देता येते. मोजण्यापुरती पिन चालू करायची, क्षणभर थांबायचं, आकडा घ्यायचा, बंद करायची. मात्र पायला ॲनालॉग संदेश वाचता येत नाही. मधे एडीएस1115 सारखी चिप लागते. तिलाही 3.3 वरच चालवा.

नवा सेन्सर जोडण्याआधी त्याच्या डेटाशीटमधले तीन आकडे वहीत उतरवा: चालायला लागणारे व्होल्ट, ओढले जाणारे मिलिॲम्पियर आणि बाहेर येणाऱ्या संदेशाचे व्होल्ट. मग मल्टिमीटर लावून पाहा. आणि रिलेच्या पलीकडे वाडीतला पंप येत असेल, तर ती 230 व्होल्टची जोडणी जाणकार वायरमनकडूनच करून घ्या.