धान्याचे शिंग : एका जुन्या इंग्रजी नावाचा बोध

शेतीविषयक जुने इंग्रजी ग्रंथ वाचताना ‘कॉर्न’ या शब्दाने वाचकाची पुष्कळदा फसगत होते. अमेरिकेत या शब्दाने मका समजला जातो. परंतु इंग्लंडात गहू, जव, ओट, राय अशा सर्वच धान्यांस हे नाव होते. ‘कॉर्न’ म्हणजे मुळात दाणा. पायास होणाऱ्या कुरुपासही इंग्रजीत ‘कॉर्न’च म्हणतात, मात्र तो शब्द निराळा असून लॅटिन भाषेतील ‘कॉर्नू’ म्हणजे शिंग या शब्दापासून आला आहे. इंग्रजी ‘हॉर्न’ हा शब्दही त्याच कुळातला होय.

दाणा आणि शिंग यांची गाठ एका ठिकाणी मात्र खरोखरच पडली. युरोपात राय या धान्याच्या कणसांतून कधी कधी दाण्याच्या जागी काळसर, लांब व किंचित वाकडे शिंगासारखे कठीण अंग बाहेर येई. अशा धान्यास इंग्रजीत ‘हॉर्न्ड राय’, म्हणजे शिंगाळलेली राय, असे म्हणत. फ्रेंच लोकांस त्यात कोंबड्याच्या पायाची नखी दिसली. त्यावरून ‘अर्गट’ हे नाव रूढ झाले.

या नावांनी आकार अचूक दाखविला, पण कारण झाकून ठेवले. शिंग म्हणजे दाण्याचीच विकृत वाढ, असा समज दीर्घकाळ होता. त्यामुळे ते धान्याबरोबर दळले जाई. अशी भाकरी खाल्ल्याने अंगाची आग होई, झटके येत, हातपाय काळे पडून झडत. हे शिंग म्हणजे दाणा नसून बुरशीची विश्रांतीची अवस्था आहे, हे फ्रेंच शास्त्रज्ञ त्युलान यांनी 1853 साली बुरशीचा जीवनक्रम उलगडून दाखविले.

बाजरीवरील अरगट

याच कुळातील दुसरी बुरशी आपल्या बाजरीवर येते. पीक फुलोऱ्यात असताना ढगाळ व दमट हवा राहिल्यास कणसावर प्रथम गुलाबीसर, मधासारखे चिकट थेंब दिसतात. पुढे त्या जागी दाण्याऐवजी तपकिरी-काळ्या, कठीण, टोकदार गाठी तयार होतात. त्या बियाण्यात मिसळून किंवा जमिनीत पडून पुढील हंगामात रोग पसरवितात. अशी बाजरी खाण्यात आल्यास मळमळ, वांत्या, चक्कर व गुंगी येते. राजस्थानात 1975 साली अशी विषबाधा झाली होती.

उपाय

पेरणीपूर्वी 10 लिटर पाण्यात 2 किलो मीठ विरघळवून त्यात बियाणे ओतावे व ढवळावे. गाठी व पोचट दाणे वर तरंगतात. ते काढून जाळावेत, गुरांस घालू नयेत. तळाशी राहिलेले बियाणे स्वच्छ पाण्याने दोन-तीन वेळा धुऊन सावलीत वाळवावे व मगच पेरावे. उन्हाळ्यात खोल नांगरट करावी, पिकांची फेरपालट करावी व पेरणी वेळेवर करावी.

ग्रामसेवकांनी मळणीपूर्वी रोगट कणसे शेतकऱ्यांस प्रत्यक्ष दाखवावीत व ती वेगळी काढून नष्ट करण्यास सांगावे. काळी गाठ म्हणजे ‘बिघडलेला दाणा’ नव्हे. तो दाणाच नव्हे, एवढे घरोघरी समजले तरी खळ्यावरचे निम्मे काम झाले.