मुखवटे : बलिद्वीपातील आणि घरातील

गेल्या वैशाखात आमच्या पुतण्याचे लग्न झाले आणि नवे जोडपे प्रवासाकरिता बाली बेटास गेले. पूर्वी नवी जोडपी जोतिबास, जेजुरीस आणि फार झाले तर महाबळेश्वरास जात. आता ती समुद्र ओलांडतात. याविषयी आम्हांस तक्रार करण्याचे कारण नाही. तक्रार उत्पन्न झाली ती परत येताना त्यांनी आणलेल्या एका वस्तूमुळे. ती वस्तू म्हणजे लाकडाचा एक मुखवटा. खोबणीबाहेर आलेले वाटोळे डोळे, वर वळलेले सुळे, हनुवटीखाली लोंबणारी तांबडी जीभ आणि भोवती पिंजारलेल्या जटा. पुतण्याने तो दिवाणखान्यात टेकवून ठेवला तो नेमका देवघराच्या दारासमोर. आमच्या सौ.नी तो पाहताच निक्षून सांगितले, की हे ध्यान या घरात राहणार असेल तर आपण माहेरी साताऱ्यास जाऊ.

घरात वाद निघाला, की तो आमच्याकडे निवाड्यास येतो. आमचे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे. संस्कृत मात्र एका शास्त्रीबुवांपाशी झालेले. पुढे तीस वर्षे साताऱ्यास मुलांना रूपे आणि समास शिकवून आम्ही सांगलीस गावभागातल्या वडिलोपार्जित घरी परत आलो. असल्या माणसास सारे काही ठाऊक असते अशी घरच्यांची समजूत असते आणि ती मोडण्याचे धैर्य आम्हांस कधी झाले नाही. म्हणून चार दिवसांची मुदत मागून घेतली आणि या मुखवट्यांविषयी मिळेल ते वाचून काढले. त्यांतील काही भाग वाचकांसही रुचेल असे वाटते.

बाली बेटातील बहुसंख्य प्रजा आजही हिंदू आहे. तेथील मुखवटे मुख्यतः ‘पुले’ नावाच्या झाडाच्या लाकडाचे करितात. हे पुले म्हणजे दुसरे कोणी नसून आपला सप्तपर्ण, ज्यास कोकणात सातवीण म्हणतात, तोच. पवित्र मुखवट्यासाठी लाकूड घ्यावयाचे तर मुहूर्त पाहून, झाडाची पूजा करून, त्याची अनुज्ञा मागून घेतात. मुखवटा तयार झाला म्हणजे त्यात शक्तीचे आवाहन करण्याचा विधी होतो. त्या विधीचे नाव ‘पसुपति’. पशुपति हा शब्द इतक्या दूर आपले घर करून बसलेला पाहून आम्हांस परगावी शाळासोबती भेटावा तसा आनंद झाला. विधी झालेला मुखवटा वस्त्रात गुंडाळून देवळात ठेवितात आणि उत्सवासच बाहेर काढितात. बाजारात प्रवाशांस विकतात ते मुखवटे या संस्कारावाचूनचे, म्हणजे केवळ लाकूड होय. मूर्तिकाराच्या दुकानातील गणपती आणि चतुर्थीस प्राणप्रतिष्ठा केलेला गणपती यांत जो भेद, तोच हा. हे ऐकून सौ.चा अर्धा राग गेला.

तेथील एका मुखवट्याची कथा तर आम्हांस फारच आवडली. त्याचे नाव ‘सिदकार्य’. यात आपले ‘सिद्ध’ आणि ‘कार्य’ हे दोन शब्द स्पष्ट दिसतात. कथा अशी सांगतात, की सोळाव्या शतकात गेल्गेल येथील राजाने बेसाकीह या महास्थानी मोठा विधी आरंभिला असता केलिंग, म्हणजे कलिंग देशाकडला म्हणवणारा एक ब्राह्मण फाटक्या वस्त्रांनिशी तेथे आला आणि मी राजाचा भाऊ आहे असे सांगू लागला. सेवकांनी त्यास हाकलून दिले. त्याने शाप दिला, पिके बुडाली, रोग पसरले. अखेर राजाने त्यास सन्मानाने परत बोलाविले, तेव्हा कार्य सिद्धीस गेले. तेव्हापासून मोठ्या विधीची समाप्ती या ब्राह्मणाचा मुखवटा घालून केलेल्या नृत्याने करितात. मुखवटा काही सुंदर नाही. पांढुरका चेहरा आणि पुढे आलेले दात, असा आहे. पण तो नाचून अक्षता टाकीपर्यंत विधी पुरा झाला असे कोणी मानीत नाही. बालीतील तीन प्रकारची परंपरागत नृत्ये युनेस्कोने 2015 साली मानवतेच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत घेतली, त्यांत या नृत्याचाही समावेश आहे.

आता आमच्या दिवाणखान्यातील मुखवट्याकडे वळू. त्याचे नाव रंगदा. ही चेटकिणींची राणी. सिंहासारखा दिसणारा बारोंग हा गावाचा रक्षक, आणि त्याचे व हिचे युद्ध तेथील नृत्यात दाखवितात. मौज अशी, की या युद्धात कोणाचाच कायमचा जय होत नाही. आमच्याकडे दशमीस रावण जळतो आणि प्रेक्षक सोने वाटीत घरी जातात. तिकडे रंगदा परत देवळात जाते आणि तिलाही नैवेद्य मिळतो. अकराव्या शतकात ऐरलंग राजाच्या राज्यात एक मंत्रविद्या जाणणारी विधवा होती, तिच्या मुलीस केवळ आईच्या भयाने कोणी वर मिळेना, म्हणून तिने देशावर रोगराई सोडली, अशी जी कथा तिकडे सांगतात तीच रंगदेशी जोडलेली आहे.

येथे आम्ही अडखळलो. कारण रंगदा या शब्दाचा अर्थच मुळी ‘विधवा’ असा आहे. संस्कृतज्ञास येथे रण्डा हा शब्द आठवल्यावाचून राहत नाही, आणि त्याच शब्दाची मराठीत काय शिवी झाली हे सांगावयास नको. निवाडा ऐकण्यास सारे घर जमले होते आणि त्यात आमच्या वहिनीही होत्या. आमच्या वडील बंधूंस जाऊन तेव्हा दोन वर्षे झाली होती. पुतण्या त्यांचाच मुलगा. आम्ही सप्तपर्ण सांगितला, पसुपति सांगितला, सिदकार्याची कथा सांगितली. रंगदेचा अर्थ मात्र गाळला. मुलांना शब्दाचा अर्थ चुकविण्याबद्दल आयुष्यभर उभे केले, आणि स्वतःवर वेळ आली तेव्हा आम्हीही चुकविला.

विषय निघालाच म्हणून सांगलीकरांस एक गोष्ट आठवून देतो. मुखवट्यांच्या नृत्यनाट्याचे कौतुक करण्यास बालीपर्यंत जाण्याची गरज नाही. 1843 साली याच गावी श्रीमंत चिंतामणराव पटवर्धनांच्या आश्रयाने विष्णुदास भाव्यांनी ‘सीतास्वयंवर’ केले. त्या नाटकांत आरंभी सोंडेचा गणपती येई, मोरावर सरस्वती येई, आणि मग राक्षसांची आरडाओरड. पुढे 1880 साली अण्णासाहेब किर्लोस्करांचे ‘शाकुंतल’ आले, लोकांस माणसांचे चेहरे पाहण्याची गोडी लागली आणि नगरांतील रंगभूमीवरून सोंगे हळूहळू उतरली. ती उतरली नाहीत जव्हार-मोखाड्याकडील बोहाड्यात. तेथे कागदाच्या लगद्याचे मोठमोठे मुखवटे घालून मशालींच्या उजेडात रात्र जागवितात, आणि तेथेही गणपती व शारदा यांचा मान पहिला. भरताने नाट्यशास्त्रात कापड व बेलाचा गर घेऊन ‘प्रतिशीर्ष’ कसे करावे ते सांगितले आहे; ते वाचिले म्हणजे बोहाड्याच्या कारागिरास भरताचे नातलग म्हणावेसे वाटते.

आणि भयंकर मुखाची भीती म्हणाल, तर आपल्या जुन्या देवळांच्या उंबरठ्यावर जे कीर्तिमुख असते ते काय सौम्य असते? बालीतही देवळाच्या महाद्वारावर ‘भोम’ नावाचे तसेच विक्राळ मुख असते. भौम म्हणजे भूमीचा पुत्र. दारावरच्या राखणदाराने गोड हसून चालत नाही. या आधारावर आम्ही निर्णय दिला, की मुखवटा देवघरासमोरून काढावा आणि ओसरीवर, बाहेरच्या दाराकडे तोंड करून टांगावा. तो उभय पक्षांस मान्य झाला.

पण प्रकरण येथे संपले नाही. आश्विनात अष्टमी आली. आम्ही कोकणस्थ. आमच्या गौरी खड्यांच्या. कृष्णेवरून खडे आणावयाचे की झाले. देशस्थांच्या घरी शाडूचे, पितळेचे मुखवटे पिढ्यान्‌पिढ्या पेटीत जपून ठेविलेले असतात, सौ.च्या माहेरी तसे आहेत. आमच्याकडील मुखवटा वर्षातून एकदाच, अष्टमीच्या महालक्ष्मीचा, आणि तोही तांदळाच्या उकडीचा. आज करावा, रात्री त्यासमोर घागरी फुंकाव्या आणि दुसरे दिवशी विसर्जन करावा. लग्नानंतर पाच वर्षे नव्या सुनेने ही पूजा करावयाची, तेव्हा यंदा सूनबाईंचे पहिले वर्ष.

हा मुखवटा करणे सोपे काम नव्हे. उकड सैल झाली तर नाक बसते. घट्ट झाली तर दुपारपर्यंत कपाळास भेग जाते. आमच्या लहानपणी हे काम वडिलांच्या आत्या करीत. त्या बालविधवा, लाल आलवणात आयुष्य गेले. सोवळ्याने स्वतः पीठ दळावे, नारळावर उकड लिंपावी, पाण्याच्या हाताने गाल गुळगुळीत करावे, आणि डोळ्यांत काजळ भरण्याची वेळ आली, की डबी दुसऱ्या कोणा सुवासिनीच्या हाती देऊन आपण माजघरात निघून जावे. तेथून दाराआडून त्या पाहत असत. त्यावेळी आम्हांस त्यात काही विपरीत दिसले नाही, हे कबूल केले पाहिजे. आत्यांपासून ती कला आमच्या आईने घेतली आणि आईपासून वहिनींनी. बंधू गेल्यानंतरच्या दोन्ही अष्टम्यांस वहिनी आपण होऊन स्वयंपाकघरातून बाहेर आल्या नाहीत. त्या दोन्ही वर्षी पूजेकरिता आम्ही दुसऱ्यांच्या घरी गेलो. ‘या’ असे त्यांस कोणी म्हटले नाही. आम्हीही म्हटले नाही.

अष्टमीच्या आदल्या रात्री सूनबाई आमच्याकडे आल्या आणि म्हणाल्या, “काका, रंगदेचा अर्थ विधवा ना? तुम्ही सांगितला नाहीत.” बालीतील विक्रेत्यानेच तो त्यांस सांगितला होता. आम्ही उगाच चष्मा पुसू लागलो. त्या पुढे म्हणाल्या, “उद्या मुखवटा आईंनी करावा असे माझ्या मनात आहे. शास्त्राची काही अडचण आहे का?” आम्ही म्हणालो, शास्त्रात उकड कोणी मळावी हे आम्ही वाचिलेले नाही, रूढीचे म्हणाल तर ती घरातल्या माणसांनीच चालविलेली असते. यापेक्षा धीट उत्तर द्यावयास हवे होते, हे त्या गेल्यावर सुचले.

दुसरे दिवशी वहिनींनी बरेच आढेवेढे घेतले. अखेर सौ.नीच त्यांच्या पुढ्यात परात सरकविली. दोन वर्षांत हात विसरला नव्हता. नाक, ओठ, हनुवटीवरची खळी, सारे पूर्वीसारखे उतरले. मग काजळाची डबी निघाली, तेव्हा वहिनी जुन्या सवयीने उठू लागल्या. सूनबाईंनी त्यांचा हात धरून त्यांस खाली बसविले. वहिनींनी एक डोळा रेखिला आणि काडी सुनेकडे दिली. दुसरा तिने रेखिला. तिला सवय नव्हती, त्यामुळे तो डोळा किंचित लहान झाला. नीट करू का, असे कोणी विचारले नाही. रात्री घागरी फुंकताना वहिनी चौथ्या की पाचव्या उभ्या राहिल्या, आणि आम्ही ओसरीवर जाऊन बसलो. तेथे रंगदा दाराकडे तोंड करून टांगलेली होती.